साडूंची सुरमई

वजनघरात त्या सकाळी एक मासा, एक तराजू, एक मोजपट्टी, भिंतीवर एक फोटो आणि आम्ही चार माणसं होतो. मासा मामाचा. मामा दातांचा डॉक्टर, पण रविवार उजाडला की गळ घेऊन समुद्रावर. फोटो कप्तानांचा, त्यांच्या माशासकट. कप्तान म्हणजे मामाचे साडू, आणि सुरमईच्या विक्रमाचे नऊ वर्षांचे मालक. सोबत मामी. मी प्राणिशास्त्र शिकलेली, म्हणून मासेमारी क्लबने मोजमाप माझ्या गळ्यात घातलेलं.

तराजू स्थिरावला. वीस किलो आठशे.

"माझी एकवीस सहाशे," कप्तानांनी फोटोकडे बोट दाखवलं. "डॉक्टर, तिच्या दोन-चार दातांत चांदी भरायची होती की!"

मामाने तराजूकडे पुन्हा वाकून पाहिलं. नऊ वर्षांत तो विक्रमाच्या इतक्या जवळ कधीच पोचला नव्हता.

"आणि ही सुरमईच कशावरून?" कप्तान थांबायला तयार नव्हते. "वाहू मासा असेल. तोही असाच पट्ट्यापट्ट्यांचा."

"दात बघितलेत मी. सुरमईचेच आहेत."

"मामा, दात दोघांचेही सुरीसारखे," मी म्हणाले. "तुझं दुकान इथे चालायचं नाही."

"घ्या! घरची भाचीच उलटली," मामी हसली.

खरा फरक पाठीवर असतो. सुरमईच्या पाठीवरच्या पहिल्या पराला पंधरा ते अठरा काटे, वाहूच्या पराला तेवीस ते सत्तावीस. मामाने गळाच्या डब्यातून दात तपासायची सळई काढून दिली. एकेक काटा उचलत मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सोळा. कल्ल्याचं झाकण उघडलं, तर आत कमानीवर बारीक दातरे होते. वाहूला ते नसतातच.

"सुरमई," मी जाहीर केलं.

"असेना! आठशे ग्रॅम कमीच," कप्तान म्हणाले. "पण तपासणी हवीच. नियम म्हणजे नियम."

"मग भाऊजी, हिला तुमचीही तपासू द्या," मामी म्हणाली.

"माझी? ती पोटात जाऊन नऊ वर्षं झाली!"

"फोटो आहे की."

फोटो काढताना कप्तानांची एक खोड होती. मासा मोठा दिसावा म्हणून ते पाठीवरचा पर पंख्यासारखा पूर्ण उलगडून धरायचे. त्यांनी स्वतःच फोटो खाली उतरवला, बाहीने काच पुसली. "मोज. बिनधास्त मोज."

मी भिंग लावून पुढून मागे मोजलं, मग मागून पुढे. आणि भिंग त्यांच्याच हातात दिलं. ते ओठ हलवत मोजू लागले. अठरापर्यंत झपाट्याने गेले. पुढे एकेका काट्यावर रेंगाळले.

"किती?" मामाने विचारलं.

"पंचवीस."

मामीने तोंडाला पदर लावला. मामाने आपल्या सुरमईच्या पाठीवर थाप मारली.

कप्तानांनी भिंग खाली ठेवलं. "काय गं, वाहूचा विक्रम सध्या कुणाच्या नावावर आहे?"

"कुणाच्याच नाही, काका. आजवर एकही नोंद नाही."

"मग बघतेस काय? लिही की!"

मी वही उघडली.

सुरमई : डॉक्टर. काटे सोळा. वीस किलो आठशे ग्रॅम.

वाहू : कप्तान. काटे पंचवीस. एकवीस किलो सहाशे ग्रॅम.