उद्याशेठ

धडकेत बायकोचा हात मोडला आणि नवऱ्याचं पोट दुखायला लागलं. हसू नका, खरं तेच सांगतोय. ज्याच्या गाडीखाली ती जाता जाता वाचली त्याच माणसावर हा नवरा, म्हणजे आपला सायकल दुरुस्तीवाला सायकलवाला, जळत होता. त्या माणसाने वाईट काही केलं असतं तर शिव्या घालून मोकळा झाला असता. पण धडक सोडली तर पुढचं सगळं त्याने बरोबर केलं होतं, आणि ते काही सायकलवाल्याला पचत नव्हतं.

माणूस चष्म्याच्या दुकानाचा मालक. लोकांची नजर तपासणारा, आणि गल्लीतून गाडी बाहेर काढताना उतारावरून सायकलने येणारी अख्खी बाई त्याला दिसली नाही. हा विनोद सायकलवाल्याने आपल्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवला. लोक हसायचे आणि मग म्हणायचे, "पण माणूस सज्जन हो. दुसरा असता तर पळून गेला असता." की ह्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

पळणं सोडाच, तो चष्मेवाला गाडीतून उतरून आधी तिच्याजवळ जाऊन बसला. उठू नका म्हणाला, मान हलवू नका म्हणाला, डोक्याखाली काही घ्यायचं नाही म्हणून अंगावर स्वतःचा कोट घातला. ॲम्ब्युलन्स बोलावली, पोलिसांना स्वतःच कळवलं. ते येईपर्यंत गाडी आणि सायकल होती तिथेच ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढले. कोपऱ्यावरच्या फुलवालीने सगळं पाहिलं होतं, तर तिचा नंबर घेतला. बायको आपली म्हणतेय, "मला काही झालेलं नाही, मी जाते कामावर." तर हा म्हणाला, "आत्ता नाही कळणार. दुखणं मागून येतं. डॉक्टरांना दाखवायचंच." आणि मेलं तसंच झालं. हॉस्पिटलात मनगटाचं हाड मोडलेलं निघालं. एवढं करून वाकडी झालेली सायकलही त्याने आपल्या दुकानाच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवली.

आणि नवरा कुठे होता? नवरा दुकानात दुसऱ्या कुणाच्या तरी सायकलचं पंक्चर काढत बसला होता. बायको छापखान्यात पुस्तकं बांधायच्या कामाला, त्या छापखान्यातून त्याला फोन आला. तो धावत पळत हॉस्पिटलात पोचला तेव्हा प्लास्टरसुद्धा वाळलं होतं. पडद्याआड डोकावला तर बायको पलंगावर बसलेली, आणि हा परका माणूस तिच्यापुढे पाण्याचा ग्लास धरून उभा. नवऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं म्हणतात, ते हे असं.

पुढचे दिवस त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चष्मेवाला एक दिवसाआड विचारपूस करायला यायचा, फळं आणायचा, "ताई, बोटं हलतात ना?" म्हणून विचारायचा. ताई म्हणतो म्हणून सायकलवाल्याला गप्प बसावं लागायचं. पण ताई म्हणायला काय पैसे पडतात? तो गेला की बायकोचं सुरू व्हायचं. "त्यांनी कोट घातला म्हणून, नाहीतर मी थंडीने काकडले असते. त्यांनी डॉक्टरांना सगळं नीट सांगितलं. ते होते म्हणून." इकडे हा पहाटे उठून चहा करतोय, तिची वेणी घालायला शिकतोय, ती वेणी तिरकी का होईना पण घालतोय, त्याचं कुणाला काही नाही. घरातलं केलेलं दिसत नाही आणि बाहेरच्याने ग्लास धरला तर त्याची आरती.

खरा भडका उडाला तो एका नावावरून.

सायकलवाल्याला बायकोने एक नाव ठेवलं होतं. गिऱ्हाइकाची सायकल असेल तर हा जेवण बाजूला सारून दुरुस्त करणार, बायकोची असेल तर म्हणणार, "उद्या बघतो." चेन सैल झाली, उद्या. घंटी वाजत नाही, उद्या. मागचा ब्रेक लागत नाही म्हणून ती कधीची सांगत होती, तोही उद्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. म्हणून ती त्याला म्हणायची, उद्याशेठ. पण घरात, दार लावल्यावर, आणि बहुतेक वेळा हसत. ह्या जगात हे नाव दोघांनाच ठाऊक होतं. त्याला ते आवडायचंही, हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं.

तर एक दिवस चष्मेवाला सायकल घेऊन आला. "विम्याचे साहेब मंगळवारी बघायला येतील," म्हणाला. "तोवर हिला हात लावू नका. जशी आहे तशीच दाखवायची." आणि पायरी उतरता उतरता हसून म्हणाला, "येतो मग, उद्याशेठ."

सायकलवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानामागच्या घरात जाऊन त्याने बायकोला विचारलं, "माझं नाव त्याला कुणी सांगितलं?"

"कुठलं नाव?" तिने नुकतीच दुखण्यावरची गोळी घेतली होती.

"उद्याशेठ."

"निघालं असेल बोलता बोलता," असं म्हणून तिने डोळे मिटले.

बोलता बोलता! म्हणजे बोलणं झालं. घरातल्या नावापर्यंत गेलं म्हणजे थोडंथोडकं नसणार. ह्या नावाने दोघं मिळून आपल्याला हसली असणार. सायकलवाला दुकानात येऊन बसला आणि त्या सायकलकडे बघत राहिला.

पुढचं चाक पार दुमडलं होतं. पण त्याची नजर गेली मागच्या ब्रेकवर. रबर संपून नुसती पट्टी उरली होती. उतारावर ती काय थांबवणार? विम्याचा माणूस हे बघेल, म्हणेल, बाई, चूक निम्मी तुमची. आणि मग बायको नवऱ्याकडे बघेल. चष्मेवाल्यासमोर बघेल. ते काही त्याला सोसवेना. उलट ब्रेक चांगला निघाला तर? सगळी चूक त्या सज्जन माणसाच्या गळ्यात. मग बघू, 'ते होते म्हणून' कोण म्हणतंय.

हात लावू नका असं सांगितलं होतं, म्हणूनच त्याने हात लावला. दुपारी बायको झोपलेली बघून त्याने नवं रबर बसवलं, तार ओढून घेतली, वर थोडं काळं तेल आणि धूळ चोळली. काम सुरेख झालं. एवढ्याशा कामाला किती महिने काढले, हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्याने तो तेलाच्या फडक्याने पुसून टाकला.

मंगळवारी सगळे दुकानात जमले. विम्याचे साहेब, चष्मेवाला, आणि प्लास्टर छातीशी धरून स्टुलावर बसलेली बायको. साहेबांनी सायकल फिरवून फिरवून बघितली, मागचा ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं.

"ब्रेक चांगला आहे," साहेब म्हणाले.

"माझ्या बायकोची सायकल आहे," सायकलवाला म्हणाला. "मीच बघतो."

बायकोने मान वर केली. ब्रेककडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"त्या दिवशीचे फोटो आहेत ना?" साहेबांनी विचारलं. चष्मेवाल्याने फोन पुढे धरून एकेक फोटो दाखवायला सुरुवात केली. रस्ता, गाडी, पुढचं चाक. मध्येच त्याचं बोट झर्रकन सरकलं आणि एक फोटो न दाखवताच पुढे गेला. साहेबांच्या लक्षात आलं नाही. पण मागे उभ्या असलेल्या सायकलवाल्याची सगळी हयात सायकली बघण्यात गेलेली. मागचं चाक जवळून घेतलेलं, आणि ब्रेकची ती उघडी पट्टी, त्याने एका क्षणात ओळखली.

"ब्रेकचं राहू द्या हो साहेब," चष्मेवाला म्हणाला. "मीच न थांबता गाडी बाहेर काढली. चूक सगळी माझी लिहा."

म्हणजे ह्याला ठाऊक होतं! पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि हा झाकत होता. नवऱ्याची लाज ह्या परक्याने आपल्या फोनमध्ये झाकून ठेवली होती. सायकलवाल्याला वाटलं, त्याने चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं.

"थांबा," तो म्हणाला. "लिहू नका. ते रबर मी मागाहून बसवलंय. धडक झाली तेव्हा ब्रेक नव्हता."

"अहो, कशाला उगाच," चष्मेवाला पुटपुटला.

"तुम्ही गप्प बसा. माझ्या घरातलं झाकायचं असेल तर ते मी झाकीन. तुम्ही कोण?"

आता हा काही प्रामाणिकपणा नव्हता. शुद्ध मत्सर होता, पण खरं बोलून गेला खरा. साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं, ब्रेकचा फोटो मागून घेतला, दोघांचीही चूक आहे असं लिहिलं, आणि सायकलला पुन्हा हात लावलात तर विम्याचा कागद नामंजूर होऊन परत जाईल असा दम देऊन निघाले. चष्मेवालाही खाली मान घालून त्यांच्यामागून गेला.

दुकानात दोघंच उरली. सायकलवाला फडक्याने कोरडे हात पुसत राहिला.

"हसलात ना दोघं?" तो शेवटी म्हणाला. "उद्याशेठ म्हणून."

"हसायला काय झालं होतं?" बायको म्हणाली. "मी रस्त्यात पडलेली. फोन फुटलेला. ते विचारत होते, कुणाला कळवू? कामावर जाते म्हणाले खरी, पण मला तुमचं नावच आठवेना हो. डोक्यात काही येईना. उद्याशेठला बोलवा, उद्याशेठला बोलवा, एवढंच म्हणत राहिले. त्यांनी सगळ्या बाजारात विचारलं म्हणे, उद्याशेठ कोण म्हणून. कुणाला सांगता येईना. येईल कसं? शेवटी पिशवीत छापखान्याचं कार्ड सापडलं. म्हणून तुम्हाला उशिरा कळलं."

सायकलवाला खाली बसला. तिची सायकल तशीच राहणार होती, तिला आता हात लावायचा नव्हता. मग त्याने कोपऱ्यातली स्वतःची सायकल ओढली, सीट बायकोच्या मापाने खाली केलं, आणि दोन्ही ब्रेक खोलून नवी रबरं बसवायला घेतली.

"अहो, प्लास्टर निघायला वेळ आहे अजून," ती म्हणाली.

"असू दे."

ती स्टुलावर बसून बघत राहिली. शेवटचं रबर बसवताना तो मान वर न करता म्हणाला, "पण त्या चष्मेवाल्याला सांग. पुन्हा मला त्या नावाने हाक मारायची नाही."

"सांगते की," बायको म्हणाली. "उद्या."