आत्याच्या हातून पडलेली बंदूक

सकाळी साडेदहा वाजता काळ्या प्लास्टिकच्या बंदुकीतून सुटलेला पहिला छर्रा कागदी लक्ष्याला न शिवता मागच्या ताडपत्रीवर आपटला. दुसरा वाटेतच जमिनीकडे झुकला. तिसऱ्याने डावीकडे असं वळण घेतलं, जणू त्याला तिकडे काही काम होतं.

"ताई, ही बंदूक नेम धरून चुकते," धाकटा म्हणाला.

 ताईने छर्ऱ्यांचं मॅगझिन काढलं, एकदा घोडा ओढून नळी मोकळी केली, बंदूक टेबलावर ठेवली आणि मगच गॉगल कपाळावर सरकवला. हा नियम तिनेच घातला होता आणि तो मोडायला आज तरी कारण नव्हतं.

एका जुन्या फर्निचरच्या गोदामात या बहीणभावांनी एअरसॉफ्टचा हॉल थाटला होता. लाकडी खोकी, टायर आणि प्लायवूडच्या भिंती यांच्या आडून लोक एकमेकांवर दाण्याएवढे प्लास्टिकचे छर्रे झाडत आणि घामाघूम होऊन हसत घरी जात. भाड्याने द्यायच्या बंदुका आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. नव्या बंदुका विकणाऱ्या एजंटने दोन नमुने आठवड्यासाठी ठेवले होते आणि आज चार वाजता तो ते न्यायला येणार होता. धाकट्याचा जीव धातूच्या बंदुकीवर जडला होता. ती जड होती, हाताला गार लागायची आणि खऱ्यासारखी दिसायची. ताईने निवडलेली संपूर्ण प्लास्टिकची होती आणि खेळण्यातली दिसायची.

पण धातूच्या घेतल्या तर तेवढ्याच पैशांत निम्म्याच येणार, आणि भाडं वाढणार. दर गुरुवारी संध्याकाळी कामावरून थेट येणारी मंडळी ताईच्या डोळ्यांसमोर होती. लाँड्रीतल्या चौघी, एक बस ड्रायव्हर, रात्रपाळीआधी तासभर मोकळं होणारं नर्स जोडपं. भाडं वाढलं की ही माणसं भांडणार नव्हती. "येऊ कधीतरी" म्हणणार होती, आणि या कधीतरीचा अर्थ तिला ठाऊक होता. आजच्या चाचणीत जी टिकेल ती घ्यायची, असा शब्द तिने भावाला दिला होता, तोही आत्यासमोर.

पण आजच्या नेमाचं तिला नवल वाटत होतं. आल्या दिवशी तिने हीच बंदूक कसून पाहिली होती. प्लास्टिकच्या सांध्यांची रेघ जाड होती, पण फट कुठेच नव्हती. दस्ता खांद्याला लावून दाबला तर हलत नव्हता. कानाशी धरून हलवली तर आत काही खुळखुळत नव्हतं, आणि घोडा ओढला की गिअर एका सुरात गुरगुरत होते. त्या दिवशी नेमही सरळ लागला होता.

"झालं का तुमचं? माझा हात शिवशिवतोय," खोक्यावर बसलेली आत्या म्हणाली.

ती त्यांच्या वडिलांची बहीण. मिक्सर असो, खुर्ची असो की सायकल, आत्याने हाताळल्याशिवाय या घरात कुठलीच वस्तू कायमची होत नसे. आत्याचं आणि वस्तूंचं जन्माचं वैर होतं. तिच्या हातून वाचलेली वस्तू मग कुणाकडूनच मोडत नसे. धाकटा तिला भूकंप म्हणे, आणि तिला ते आवडे.

ताई लक्ष्यापर्यंत चालत गेली. ताडपत्रीखाली पडलेला एक छर्रा तिने उचलला, तर तो चिमटीतून सुळकन निसटला. दुसराही तसाच. तिने बोटं एकमेकांवर चोळली आणि वळून भावाकडे पाहिलं.

"तेल कुणी दिलं हिला?"

"मी. काल संध्याकाळी."

"का?"

"कोरडी वाटली. म्हटलं, उद्या परीक्षा आहे बिचारीची, जरा तरतरीत होऊ दे."

"नळीत?"

"नळीतच. हात आखडता नाही घेतला."

ताईने कपाळावर हात मारला. घरातलं एकही दार धाकट्यामुळे कुरकुरत नसे. कात्री, बिजागरी, बाइकची साखळी, जे दिसेल त्याला तो तेल पाजत असे. पण या बंदुकीत नळीच्या मुळाशी रबराचा बारीकसा उंचवटा असतो. छर्रा त्याला घासून गेला की उलटी फिरकी घेतो आणि तो हलका दाणा लांबवर सरळ तरंगत जातो. रबर तेलकट झालं की फिरकी संपली.

"म्हणजे विरुद्ध पार्टीच्या बंदुकीला यानेच तेल पाजलं?" आत्याने विचारलं.

"प्रेमाने गं, आत्या!"

"माझ्या चष्म्यालाही प्रेमानेच पाजलं होतंस. आठवडाभर धुक्यात फिरले मी."

सळईला कापडाची पट्टी गुंडाळून ताईने स्पिरिटने नळी पुसली. पट्टी पिवळट झाली. दुसरी, तिसरी... ती कोरडी निघेपर्यंत धाकटा मुकाट्याने पट्ट्या फाडून देत राहिला. उरलंसुरलं तेल निघावं म्हणून तिने एक मॅगझिन नुसतंच रिकामं केलं, आणि मग नवा कागद लावला.

या वेळी छिद्रं मधोमध जमली. धातूच्या बंदुकीचा कागद शेजारी धरून धाकट्याने तुलना केली. "माझी छिद्रं कपाखाली झाकली जातात. तुझी झाकायला बशी लागेल."

"बशी चालेल. माणूस काही कपाएवढा नसतो."

तो हसला. "बरं, आता भूकंप."

आत्याने गॉगल चढवला. धातूची बंदूक तिने कशीबशी खांद्याला लावली, अर्ध्या मॅगझिनमध्ये हात भरून आले तशी खाली ठेवली. "ही धरायला शेजारी एक जण लागेल," ती म्हणाली. प्लास्टिकची मात्र तिने सगळी झाडली, वर आणखी एक मॅगझिन मागितलं, आणि ते घ्यायला वळताना बंदूक खोक्यावरून थेट सिमेंटवर पाडली.

बंदूक एकदा उसळून आडवी झाली. 

"मी मुद्दाम नाही हं," आत्या म्हणाली.

"तू कधीच मुद्दाम नसतेस," धाकटा म्हणाला. त्यानेच ती उचलली. बॅटरीच्या झाकणाची चिमुकली कडी तुटली होती. बाकी ओरखडासुद्धा नव्हता. कुणी न सांगता त्याने झाकणावर काळी चिकटपट्टी गुंडाळली, गॉगल लावला आणि घोडा ओढला. छर्रे मधोमधच गेले.

"कडी कच्ची आहे," तो म्हणाला.

"आहे," ताईने मान्य केलं. "पण कडी सुटी मिळत असेल, तर मी हीच घेईन."

"मिळत असेल तर... मीही."

चार वाजता एजंट आला. धातूची बंदूक त्याने पेटीत घातली. पट्टी लावलेल्या बंदुकीकडे बघून भुवया उंचावल्या, पण तिला हात लावला नाही. सुट्या कड्या मिळतात का, हे त्यालाही माहीत नव्हतं. "मॅडम, कंपनीच्या गोदामाला विचारून आजच फोन करतो," असं सांगून तो गेला.

साडेपाचपर्यंत फोन आलेला नव्हता. धाकटा तेलाची बाटली वरच्या फळीवर चढवत होता. आत्याचं चौथं मॅगझिन चालू होतं, आणि चिकटपट्टी तोवर टिकून होती.