कौसरचे हात

आठवीत गेल्यापासून कौसरचं हात धुणं संपेना. साबण सात वेळा लावायचा. मध्येच आकडा चुकल्यासारखा वाटला की पुन्हा पहिल्यापासून. चुकलं तर अम्मीला काहीतरी होईल, असं तिच्या मनानं घेतलं होतं. हे खरं नाही, हे तिलाही कळत होतं, पण हात थांबत नव्हते. नळाला पाणी चार दिवसांआड यायचं. भरलेलं पिंप दुसऱ्याच दिवशी तळाला गेलं, की अम्मी, माजिदा, वैतागायची. मग कौसर चोरून धुवायला लागली.

शाळेत तिचे लाल, भेगाळलेले हात मागच्या बाकावरच्या चेतनानं पाहिले. एकदा चेतनानं चपलेच्या तळाला बोट लावलं आणि तेच बोट कौसरच्या कंपासपेटीला. कौसर उठून नळावर गेली. वर्गाला खेळ सापडला. कुणी वहीला बोट लावायचं, कुणी डब्याला.

"कौसर, मी हात लावला हं," असं म्हणून सगळ्या हसायच्या.

तिनं डबा खाणं सोडलं. बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "इतकं काय मनाला लावून घेतेस?"

फेब्रुवारीत एका मधल्या सुट्टीत चेतना आणि दोघीजणी नळासमोर आडव्या उभ्या राहिल्या.

"आज न धुता राहून दाखव."

घंटा होईपर्यंत कौसर हात अंगापासून लांब धरून उभी होती. मग दप्तर वर्गातच टाकून ती फाटकाबाहेर पडली आणि उन्हातून चालत नवी पेठेत गेली. तिथं तिचे वडील चांदसाब यांचं शिवणकामाचं दुकान होतं. ती दुकानाच्या पायरीवरच थांबली.

"अब्बा, मला हात लावू नका. कपडे खराब होतील."

चांदसाबनं मशीन थांबवलं. प्यायच्या पाण्याची बाटली आणून त्यानं हळूहळू तिच्या हातांवर ओतली. बाटली संपली.

"अजून," ती म्हणाली.

तेव्हा त्यानं ते हात नीट पाहिले. भेगांतून रक्त येत होतं. तो तिच्याशेजारी पायरीवर बसला.

"कधीपासून?"

"सहामाहीच्या आधीपासून." मग तिनं सगळं सांगितलं, आकड्याचंही.

"दुकान बंद करून मी सात रस्ता चौकापर्यंत जातो," तो म्हणाला, "आणि कुलूप बघायला परत येतो. कधी तीनदा. दुकानात चोरी होईल असं वाटतं. लहानपणापासून असंच काहीतरी चालू आहे. पोरं हसायची, म्हणून लपवायला शिकलो. तुझ्या अम्मीलाही माहीत नाही."

कौसरनं पहिल्यांदाच मान वर केली.

त्याच आठवड्यात दोघं मनाच्या आजारांवरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. हा आजार आहे, त्यात कुणाचा दोष नाही, असं त्यांनी समजावलं. गोळ्या दिल्या आणि एक अवघड काम दिलं. चपलेला हात लावायचा आणि दहा मिनिटं न धुता बसायचं. पहिल्या दिवशी कौसर रडली. चांदसाब शेजारी बसून होता. बाईंनी त्यालाही काम दिलं होतं: कुलूप एकदाच ओढून बघायचं आणि घरी यायचं. कधी त्याला जमायचं, कधी तिला.

त्यानं शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. चेतनानं वर्गासमोर माफी मागितली, खाली बघून, घाईघाईत. खेळ थांबला. पण दहावी होईपर्यंत कौसरच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही.

आता ती फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हात बहुतेक वेळा एकदाच धुते. परवा नवी पेठेत तिला चेतना भेटली. "अगं, किती दिवसांनी! कशी आहेस?" तिनं मोकळेपणानं विचारलं.

"बरी आहे," कौसर म्हणाली. तिनं हात ओढणीखाली घेतले होते.

घरी आल्यावर तिनं अब्बांना सांगितलं, "चेतना भेटली होती. तिला काहीच आठवत नाही."

चांदसाबनं शिवण बाजूला ठेवली. "ये, बस," तो म्हणाला. त्या दिवशी कौसर त्याच्यापाशी बसून खूप वेळ रडली.