वहिनीचा पाहुणचार

रविवारी दुपारी आईने चिंबोऱ्या केल्या होत्या. सगळे जेवायला बसले आणि आईने आपलं ताट बाजूला सारून चिंबोरीचे नांगे एकेक फोडायला घेतले. आतलं पांढरंशुभ्र मांस बोटाने ओढून ती नव्या सुनेच्या ताटात ठेवत होती.

"आई, तुम्ही जेवा ना, मी करते हळूहळू," अक्षता म्हणाली.

"तुला सवय नाही आहे. बोट कापून घेशील," आई म्हणाली.

मनस्वीने मान वर केली. 'नाही आहे.' तिच्या आईच्या तोंडात हे शब्द कुठून आले? सरस्वती कोळी जन्मभर दिवाळे गावात 'हाय' आणि 'नाय' म्हणत आली. सीवूड्सच्या बाजारात मोठमोठ्या सोसायट्यांतल्या बायका तिच्याकडून मासे घ्यायच्या, त्यांच्याशीही ती तशीच बोलायची. पण सून कराडची. घरात आल्यापासून आई तिच्याशी बातम्या देणाऱ्या बाईसारखी जपून बोलत होती.

"आई, मला पण दे एक फोडून," मनस्वी म्हणाली.

"तुझे दात कुनी नेले?" आई म्हणाली. धनेशदादा हसला, बाबा हसले, अक्षतासुद्धा हसली. मनस्वीने नांगा दाताखाली घेऊन कडकन फोडला. हिरडीला लागलं, तरी ती चावत राहिली.

खरं तर अक्षता वाईट नव्हती आणि त्याचाच मनस्वीला जास्त त्रास होता. वाईट असती तर भांडता आलं असतं. ती महापेला एका कंपनीत होती. सकाळी अंघोळ करून, केस सारखे करून, आईने भरलेला डबा पिशवीत टाकून ती कंपनीची बस पकडायला जायची. आई दारापर्यंत तिला सोडायला यायची आणि मग पाटी उचलून बाजाराला निघायची. जाता जाता आत ओरडायची, "मनू, कपडे भिजवलेत. वहिनीचा कुर्ता येगला धू, रंग जातोय त्याचा."

गेल्या वर्षी मनस्वी स्वतः अशीच निघायची. नेरूळच्या कॉलेजातून ती पास झाली आणि लगेच तिलाही महापेलाच नोकरी लागली, कस्टमर सपोर्टची. मग परदेशातल्या क्लायंटने काम काढून घेतलं. एका शुक्रवारी मॅनेजरने सगळ्या टीमला बोलावून सांगितलं की सोमवारपासून यायची गरज नाही. तेव्हापासून ती घरी होती. अर्ज करत होती, फोनची वाट बघत होती, कुणी विचारलं की "बघतेय" म्हणत होती. तिला नोकरी होती तेव्हा मात्र आई दारापर्यंत कधी आली नव्हती. डबाही तिचा तिलाच भरावा लागायचा.

एकदा अक्षता आयकार्ड घरीच विसरून गेली. घरात कुणी नव्हतं. मनस्वीने ते गळ्यात घातलं आणि आरशासमोर उभी राहिली. फोटोत अक्षता किंचित हसत होती, आपलं सगळं ठीक चाललंय हे माहीत असलेल्या माणसासारखी. मनस्वीने तसंच हसून पाहिलं. मग अंगावर पाल पडावी तसं ते काढून खिळ्याला अडकवलं.

दिवाळीच्या आधी अक्षताच्या कंपनीने घरच्यांना बोलावलं. कार्यक्रम होता, जेवण होतं. आई हिरवी नऊवारी नेसली, गळ्यात सगळे दागिने घातले. मनस्वीला 'चल' म्हणाले सगळे, पण ती डोकं दुखतंय म्हणून घरी राहिली. संध्याकाळी दादाने ग्रुपवर फोटो टाकले. आई अक्षताच्या खुर्चीवर बसली होती, अक्षता तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभी. मनस्वीने तो फोटो मोठा करून आईचा चेहरा बघितला. इतकी खूश आई तिने आपल्या कॉलेजच्या पदवीदान समारंभातही पाहिली नव्हती.

घरी आल्या आल्या आई म्हणाली, "त्या साहेबांना मी बोल्ले, माझी पोरगी पन शिकलेली हाय. ते बोल्ले पाठवा तिला."

"खरंच पाठव बायोडेटा," अक्षता म्हणाली. "सपोर्टमधे जागा आहे. मी बोलते सरांशी."

आईसमोर नाही म्हणता येईना. मनस्वीने बायोडेटा दिला आणि आठवड्याभरात इंटरव्ह्यूला बोलावणं आलं. अक्षताने तिला काय विचारतात ते सांगितलं, आपला निळा कुर्ता इस्त्री करून दिला. "हा तुला माझ्यापेक्षा चांगला दिसतो," असंही म्हणाली. मनस्वीने तो घातला, पण तिला उगाचच तो खांद्यात घट्ट वाटत राहिला.

महापेला ती वेळेच्या आधी पोहोचली. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने विचारलं, "किसके रेफरन्स से आये हो?"

"अक्षता कोळी."

"अरे, अक्षता मॅडम! आप कौन उनके?"

"नणंद," ती म्हणाली. त्याला कळलं नाही, म्हणून परत सांगितलं, "उनके हजबंड की बहन."

तो एकदम अदबीने उठला आणि तिला काचेच्या दाराशी सोडून गेला. आत कॅन्टीनच्या बाजूला अक्षता चार-पाच जणांच्या घोळक्यात उभी होती. तिने काहीतरी सांगितलं आणि सगळे मोठ्याने हसले. मनस्वी दाराच्या मुठीला हात लावून उभी राहिली. ही नोकरी मिळाली तर रोज इथे यायचं. रोज सगळे म्हणणार, ही अक्षताची नणंद. गावात आई सांगणार, सुनेने पोरीला चिकटवली. पगाराच्या दिवशीसुद्धा आई आधी अक्षताच्याच तोंडावरून हात फिरवणार.

तिने मूठ सोडली. सिक्युरिटीवाल्याला "फोन आया है" असं काहीतरी सांगून ती बाहेर पडली. रिक्षा, मग बस असं करत ती सीवूड्सच्या मॉलमधे जाऊन बसली. तिथे एसी होता आणि कुणी काही विचारत नव्हतं. संध्याकाळ होत आली तशी ती घरी गेली.

"कसा झाला?" आई दारातच उभी होती.

"बरा झाला."

आईने तिच्या हातावर साखर ठेवली. मनस्वीने ती खाल्लीसुद्धा.

अक्षता कामावरून आली तेव्हा मनस्वी मान खाली घालून कपड्यांच्या घड्या करायला लागली. पण अक्षताने फक्त एकदा तिच्याकडे बघितलं आणि आत कपडे बदलायला गेली. आईने उत्साहाने विचारलं, "काय बोलले गं साहेब?"

"अजून कळलं नाही, आई," अक्षता म्हणाली. "वेळ लागतो."

तिने सांभाळून घेतलं होतं. मनस्वीला वाटलं, सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं. आता हिचे उपकारही डोक्यावर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्षता म्हणाली, "मनू, जेट्टीवर येतेस का जरा?" दोघी निघाल्या. वाटेत बांबूंवर बोंबील वाळत होते. जेट्टीवर बाबांची होडी चिखलात कलली होती, खाडी ओसरलेली होती. अक्षता तिथल्या कठड्यावर बसली.

"सरांना मी सांगितलं, तुला ताप आला," ती म्हणाली. "सिक्युरिटीवाला तेवढ्यात येऊन सांगून गेला की मॅडमची नणंद आली होती. सगळ्यांसमोर. तोंड कुठे लपवू कळेना मला. मी अजून प्रोबेशनवर आहे, मनू. तुझ्यासाठी शब्द टाकला होता."

"मी टाकायला सांगितला नव्हता."

"मग नको म्हणायचंस! घरी म्हणायचंस!"

"कुणाला म्हणू? आईला?" मनस्वीचा आवाज चढला. "आई माझं ऐकते कुठे? तिला तू दिसतेस फक्त. अक्षताचा डबा, अक्षताचा कुर्ता, अक्षताला काटा लागेल. तू यायच्या आधी ती माझी आई होती."

म्हटल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. तेवीस वर्षांच्या बाईने बोलायची गोष्ट नव्हती ती. पण बोलून झाली होती.

अक्षता कठड्यावर सरकून तिच्याकडे वळली. मग म्हणाली, "तुला माहितीये, आई माझ्याशी कशा बोलतात? पाहुण्यांशी बोलतात तसं. तुला शिव्या घालतात, डोक्यात टपली मारतात, लगेच विसरतात. मला नऊ महिन्यांत एकदाही ओरडल्या नाहीत. परवा माझ्या हातून दूध उतू गेलं. तुझ्या हातून गेलं असतं तर वाडीभर आवाज गेला असता. मला म्हणाल्या, 'असू दे, होतं असं.' मी बाथरूममधे जाऊन रडले."

मनस्वीने तिच्याकडे बघितलं. हे खरं असेल असं तिला वाटलं, पण त्याने तिचं समाधान झालं नाही. दूध उतू गेल्यावर ओरडा खाण्यात हेवा करण्यासारखं काय आहे, हे तिला कळेना. आणि अक्षताला ते हवंय, म्हणजे उरलंसुरलं तेही हिलाच हवंय, असंही एक क्षण वाटून गेलं.

"आईला मी सांगते," ती म्हणाली. "तू खोटं बोलू नकोस आता माझ्यासाठी."

सकाळी ती बाजारात गेली. आई पाटीमागे बसून एका गिऱ्हाइकाला खाडीची मासळी, बोयटं, कापून देत होती. मनस्वी शेजारी स्टुलावर बसली आणि गिऱ्हाईक जाताच सगळं सांगून टाकलं. आईचा कोयता मधेच थांबला.

"गेटापर्यंत गेलीस न् माघारी आलीस? कनाला?"

"तू वहिनीवर जास्त माया करतेस म्हणून."

आईने आधी शिव्या घातल्या. चांगल्या जोरात, शेजारच्या दोन्ही कोळणी ऐकतील अशा. शिकून अक्कल गेली, साखर घातली ती तोंडात गोड कशी लागली, सगळं झालं. मग पाण्याने हात धुतले, पदराला पुसले आणि आवाज खाली आणून म्हणाली, "धनेश उलव्याला फ्लॅट बघतोय. तुला ठाव हाय?"

मनस्वीला माहीत नव्हतं.

"लग्नाआधीच बोल्ला होता मना. आमी येगले राहू. मी बोल्ले, वर्षभर तरी रहा. मना वाटला, पोरीला आवडला घर तर राहतील. म्हनून करते सगला. तिला वास नको म्हनून बाजारातून आल्यावर दोनदा अंग धुते मी. तुला वाटतं मजा येते मना?"

एवढ्यात एक बाई कोळंबीचा भाव विचारायला आली. आई हसतमुखाने तिच्याशी घासाघीस करायला लागली. मनस्वी स्टुलावर बसून राहिली. आईची कीव आली तिला. पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी टोचत होतं. अक्षता जाईल म्हणून आई एवढी घाबरली होती. मनस्वीही कुठे निघून जाईल ही भीती तिला कधी शिवलीच नव्हती. हे प्रेम म्हणायचं की गृहीत धरणं, ते तिला ठरवता येईना.

महापेची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. अक्षताने ते सांगितलं तेव्हा तिच्या बोलण्यात राग होता आणि तो तिने लपवला नाही. काही दिवस दोघी कामापुरतं बोलल्या. मग मनस्वीने एक दिवस निळा कुर्ता धुऊन, इस्त्री करून तिच्या पलंगावर ठेवला आणि म्हणाली, "सॉरी. तुझ्या ऑफिसात माझ्यामुळे तुझी मान खाली जायला नको होती." अक्षता म्हणाली, "नकोच होती." तेवढंच. पण त्यानंतर दोघींचं जरा बरं चाललं.

जानेवारीत मनस्वीला तुर्भ्याला एका गोडाऊनच्या ऑफिसात काम मिळालं. स्वतः अर्ज करून, कुणाचंही नाव न सांगता. महापेसारखी काच नव्हती, एसी नव्हता, दिवसभर ट्रकवाल्यांशी फोनवर वाद घालावा लागायचा. पण तिला ते जमत होतं. आईच्या पोटची होती, घासाघीस तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि फेब्रुवारीत दादा-वहिनी उलव्याला राहायला गेले. आईने एवढं सगळं करूनही गेले. सामान लावायला म्हणून आई त्यांच्याबरोबर गेली ती परत यायचं नावच घेईना. पहिल्या संध्याकाळी मनस्वी कामावरून आली, बाबांना भात-कालवण केलं. चौथ्या दिवशी वहिनीने फोटो पाठवला. आई नव्या ओट्यापाशी उभी राहून डबे लावत होती, डोक्याला फडकं बांधून. मनस्वीला तीच जुनी असूया वाटली. गेली नव्हती तर ती.

बाबा जाळं शिवत बसले होते. त्यांनी विचारलं, "काय गो, तोंड का असा?"

"आई वहिनीकडेच राहणार वाटतं आता."

"मग बोलाव न तिला."

"मी कशाला बोलावू? तिला यायचं असेल तर येईल."

"तू बोलावलंस तर येईल. नाय बोलावलंस तर तिला वाटेल, हिचा बरा चाल्लाय." बाबांनी दाताने दोरा तोडला. "तिला काय सपान पडतं?"

मनस्वीने फोन लावला. मागे मिक्सरचा आवाज येत होता आणि अक्षता मोठ्याने काहीतरी सांगत होती. आई म्हणाली, "हां, बोल. काय झाला?"

"कधी येतेस?"

"परवा येते. इथे अजून पडदे लावायचेत. का गो, बरा नाय काय?"

"बरं आहे. पण परवा नको. उद्या ये."

"का?"

"मला पाहिजेस म्हणून," मनस्वी म्हणाली. "पडदे वहिनी लावेल. तू ये."