मागून हाक

जळकोटचे आनंदराज म्हणजे उदगीरच्या बैलबाजारातलं बडं प्रस्थ. भाव पटला नाही की हे खांद्यावरचा टॉवेल झटकून चालायला लागायचे, सावकाश, मागं न बघता. चार पावलं गेले न गेले तोच विकणारा ओरडायचा, "ओ मालक, या की मागं! रागावलाव का?" मग भाव हेच ठरवणार.

म्हणून लातूरच्या हॉटेलात परदेशी शिष्टमंडळ उतरलं, तेव्हा डाळमिलवाल्यांनी बोलणी करायला यांनाच पुढं घातलं. त्यांच्या बलाढ्य देशाला स्वतःची डाळ इथं बिनकराची उतरवायची होती. तसं झालं तर आनंदराजांची स्वतःची डाळमिलही बसलीच म्हणून समजा, आणि तिथं डाळ निवडणाऱ्या पारूबाईसकट सगळ्या बाया घरी.

पाहुणे गोड बोलले. दिल्लीहून आलेले आपले सरकारी साहेब त्यांच्याहून गोड. दुभाष्या म्हणाला, "कर पाच वर्षांत शून्यावर आणू."

"दहा," आनंदराज म्हणाले.

पाहुण्यांची म्होरकी बाई हसली आणि पुन्हा पाचच म्हणाली. झालं! आनंदराजांनी टॉवेल झटकला, "जमत न्हाई" म्हणाले आणि उठले.

दारापर्यंतची चाल अगदी बाजारातली. बाहेर मात्र कान सगळे मागं. वेटर चहा घेऊन आत गेला, रिकामा ट्रे घेऊन बाहेर आला, तरी हाक नाही. अहो, बैल परत घरी न्यायचं ज्याच्या जिवावर येतं तो हाक मारतो. या पाहुण्यांची गिऱ्हाइकं जगभर! पण हे आनंदराजांना कोण सांगणार?

दार उघडलं ते पाहुणे निघाले म्हणून. बाईनं प्रेमानं हात हातात घेतला. दुभाष्या म्हणाला, "मॅडम विचारतायत, तुम्हाला दुसरी मीटिंग होती का?"

"हाव," आनंदराजांच्या तोंडून निघून गेलं.

"बरं झालं," साहेब खूश होते. "स्थानिकांची हरकत नाही म्हणून वेळेत उरकलं."

आनंदराजांचं अंग अपमानानं भाजून निघालं. तेवढ्यात पारूबाईचा फोन.

"दादा, बोलावलं का मागं?"

"बोलावतेत की."

"दिवाळीत मजुरीपायी मी उठून गेलते, तवा तुम्ही तरी कुठं हाक मारलाव? फाटकापाशी लई वेळ हुबी होते. मग आले आपल्या पायानं आत, हाय त्या मजुरीवर. तुम्हीबी जावा."

आनंदराजांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणे गेलेले, तरी ते वळले, दार ढकलून आत गेले. आत खुर्च्या एकावर एक रचणं चालू होतं.