नुसते ओठ

“हरणे, कानावरचा हात आधी खाली घे!”

मी पेटीचा भाता थांबवला. साल एकोणीसशे चव्वेचाळीस. जळकोटच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पत्र्याच्या देवळात तरुण मंडळींचा सराव चालला होता. परवा कापणीचा सण, आणि सोलापूरहून मिशनच्या मडमसाहेब मुद्दाम गाणी ऐकायला येणार होत्या. पसंत पडली तर आमची पोरं तिथल्या मोठ्या देवळात गाणार. खरं सांगायचं तर माझंच नाव होणार होतं.

दहा जण मी शिकवलेल्या दबक्या, गोड आवाजात गायचे. हरणाचा गळा मात्र उघडा. कानावर हात धरून ओळीच्या शेवटी ती सूर असा वर फेकायची, की थेट तुळजापूरच्या, देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधी बाया आठवाव्यात. बाप्तिस्म्याआधी माझी आईही त्यांच्यातच गायची. तो सूर आला की मी भाता थांबवायचो. मास्तर कुठल्या घरचा, ते मडमसाहेबांना कळलं तर?

“परवा तू नुसते ओठ हलव,” मी म्हणालो.

“म्हंजी? गाऊच नगं?”

“पुढंच उभी राहा. फक्त आवाज काढू नको.”

“लई वंगाळ हाय का माझा आवाज, मास्तर?”

पेटीकडे बघत मी हो म्हणालो. इतकं धडधडीत खोटं मी देवळात कधी बोललो नव्हतो.

सणाला ज्वारीच्या पेंढ्या रचल्या होत्या. गाणी सुरळीत पार पडली. मडमसाहेबांची नजर पहिल्या रांगेत हात जोडून उभ्या असलेल्या हरणावरच होती. शेवटी त्यांनी तिला पुढं बोलावलं, “ही मुलगी किती भक्तीने गाते!” म्हणाल्या आणि येशूचं एक रंगीत चित्र तिच्या हातात दिलं. टाळ्या झाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मीही वाजवल्या.

मोटार गेल्यावर हरणानं ते चित्र पेटीवर आणून ठेवलं.

“ज्यानं गायलं त्येला द्या, मास्तर.”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घरी भाकरी वाढताना आई म्हणाली, “हरणीचा आवाज कसा न्हाय आला रं? त्याच्यासाठीच म्या आले हुते.”

ज्या गळ्यानं मला झोपवलं, त्याचीच मी लाज धरली होती.

पुढच्या रविवारी सगळ्यांदेखत मी उभा राहिलो. “हरणाचा आवाज वाईट न्हाय. म्या खोटं बोललो. पोरी, आज मोकळ्या गळ्यानं गा, कानावर हात ठेवून गा.”

तिनं मान डोलावली. मी सूर धरला. मागं सतरंजीवर बसलेली आई नीट ऐकू यावं म्हणून पुढं सरकली.

दहा आवाज उठले. अकराव्यासाठी मी पेटी हळू केली, आणि मान वर करून पाहिलं. हरणा हात जोडून उभी होती. तिचे ओठ अगदी तालात हलत होते, मी शिकवले होते तसेच.