दिवस हाय तवर

संयोगितानं गुणमालाकाकींसाठी अकरा नंबरचं टोकन काउंटरवरून पुढं सरकवलं, तोच आकारामनं ते मधल्यामध्ये उचललं आणि स्वतःचं दोन नंबरचं त्या जागी ठेवून दिलं.

"अहो बाबा, हे काय?"

"काय न्हाई. काकी दोन, मी अकरा. बसा वं काकी."

संयोगिताचा पारा चढला. डॉक्टर स्वप्नालींच्या दवाखान्यात तिला लागून दुसरा आठवडा चालू होता. आधी इथं जो मोठ्यानं ओरडेल तो आत, असा कारभार होता. टोकनं तिनं आणली, रांग तिनं लावली, कुपवाडच्या कारखान्यातली दांडगी पोरंसुद्धा तिनं बाकावर गप बसायला शिकवली. आणि आता हा मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेला माणूस, जन्म रांगेत काढलेला, तोच रांग मोडतोय!

"नंबर बदलायचा नसतो, बाबा. मग टोकनला अर्थ काय?"

"पोरी, तू उंब्रजची. तुला ठावं न्हाई." आकाराम खुर्चीला टेकला. "काकी जैन हायत. त्यांचं तोंड दिवस बुडाला की बंद. अन्न न्हाई, गोळी न्हाई, पाण्याचा थेंबसुद्धा न्हाई. चाळीस वर्सं झाली. आमी बसतो की रातपतोर, आमाला काय धाड भरलीया?"

संयोगितानं बाकाकडं बघितलं. गुणमालाकाकी कानांवरनं पदर गच्च ओढून बसल्या होत्या. तोंड तापानं लालबुंद, घसा इतका सुजलेला की आवाज घासून घासून बाहेर येत होता. सकाळभर त्यांनी घरच्या काढ्यावर भरवसा ठेवला आणि दुपारी तापानं उचल खाल्ली. आता दिवस बुडायच्या आत औषध पोटात गेलं नाही, तर सगळी रात्र कोरड्या घशानं, तापात भाजत काढायची. घरनं आणलेली उकळलेल्या पाण्याची बाटली त्यांनी मांडीवर तयारच ठेवली होती.

संयोगितानं दोन नंबरचं टोकन मुकाट्यानं काकींच्या हातात दिलं.

पण डॉक्टर नेमक्या आजच उशिरा आल्या होत्या. त्यात मार्गशीर्षातला दिवस, चहा प्यायला बसावं तर कप खाली ठेवेपर्यंत कललेला. आणि एक नंबरला आत गेलेले नानासो गेले ते गेलेच. नानासोंना साधा खोकला झाला तरी हकिगत दिवाळीपासून सुरू करावी लागते. बाकावरची मंडळी दाराकडं डोळे लावून चुळबुळत होती.

इतक्यात एक मोटरसायकल फाटकात आडवी थांबली आणि मागं बसलेला, कारखान्यातला शंभूराज उतरून आला. उजव्या डोळ्यावर हात, गालावर पाण्याची धार. लेथवर काम करताना लोखंडाचा कण डोळ्यात उडाला होता. पापणी हलली की तो कळवळत होता.

"तुम्ही पुढं जा," संयोगिता स्वतःच म्हणाली. नियम गेला खड्ड्यात!

"आता कुणाचा नंबर हाय?"

"काकींचा."

शंभूराजनं उघड्या डोळ्यानं काकींकडं बघितलं. कुपवाडात जन्मलेल्या पोराला आणखी सांगावं लागलं नाही.

"मग काकींचं आधी. दिवस बुडंल. माझा डोळा काय पळून जातोय व्हय?" असं म्हणून तो भिंतीला टेकला आणि ओठ दाताखाली धरून पाय आपटत राहिला. आकाराम बोलला, संयोगिता रागावली, गडी हलेना.

काकी उठल्या. भिंतीच्या आधारानं दारापर्यंत गेल्या, मान काढून मावळतीकडं बघितलं आणि परत येऊन पिशवी उचलली.

"बुडाला," त्या म्हणाल्या. "आता माजं काय काम न्हाई हितं. सकाळी येते. तू जा आत, लेकरा."

खात्री करायला कोणी उठलंसुद्धा नाही. दिवस बुडाला हे गुणमालाकाकींनी सांगितल्यावर पंचांगाची काय बिशाद! आकारामनं कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात नानासो खोकत बाहेर आले आणि शंभूराज आत गेला.

संयोगिताला लय वाईट वाटलं. करायला काही नव्हतं, तेव्हा फाटकातली मोटरसायकल बाजूला घ्यायला सांगावं म्हणून ती बाहेर आली. पायरी उतरली आणि तिचे डोळे दिपले. समोरच्या शेडच्या पत्र्यावर, चांगला हातभर उंच, तांबडाभडक सूर्य उभा होता.

ती गर्रकन वळली. काकी उंबऱ्यातच होत्या. दोघींची नजरानजर झाली. काकींनी ओठांवर बोट ठेवलं आणि चोरी पकडली गेलेल्या पोरीसारख्या हसल्या.

दुसऱ्या क्षणी संयोगिता काकींच्या बाजूनं आत धावली. पेशंट आत असताना दार वाजवायचं नाही, हा दवाखान्याचा पहिला नियम. तिनं दार वाजवलं नाही, ढकललंच.

"मॅडम, दिवस अजून हाय! काकी खोटं बोलल्या!"

डॉक्टरांनी कण नुकताच काढला होता, डोळ्यावर पट्टी चिकटवत होत्या. त्यांनी पट्टी घाईघाईनं दाबून बसवली. बॅटरी, थर्मामीटर आणि गोळ्यांचा डबा उचलला आणि बाहेर आल्या.

"काकी, आ करा. मोठा. अरे देवा, घसा नुसता पिकलाय! कधी जेवलात?"

"चार वाजता. भाकरी आन दूद."

"चालेल. ह्या दोन गोळ्या आत्ता."

सगळा बाक उठून अंगणात आला होता. शंभूराज पट्टी बांधलेल्या डोळ्यानिशी फाटकावर चढला.

"हाय! अजून हाय! एका डोळ्यानं बघतोय, पर हाय!"

"किनार राहिलीया, काकी," आकाराम ओरडला, "गिळा!"

काकींनी बाटली उघडली. एक गोळी गेली. दुसरी घशात अडली. सगळ्यांचाच श्वास अडला. मग तीही गेली. वर त्यांनी घटाघटा पाणी पिऊन बाटली रिकामी केली आणि तोंड पुसलं. पत्र्यावरची तांबडी कड तेवढ्यात विझली. नानासोंनी टाळी वाजवली आणि मग सगळं अंगण टाळ्या वाजवायला लागलं. संयोगिता हसत होती आणि डोळेही पुसत होती.

"पर काकी," आकारामनं डिवचलं, "रातचं खात न्हाई तुमी, आन खोटं चालतं व्हय?"

काकींचं हसू मावळलं. "न्हाई चालत. उद्या उपास करीन त्याचा."

"उपास?" डॉक्टर कडाडल्या. "ह्या गोळ्या पोटभर जेवूनच घ्यायच्या. पाच दिवस उपासाचं नाव काढायचं नाही."

काकी खरोखर पेचात पडल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. तेव्हा फाटकावरून उतरत शंभूराज म्हणाला, "मग मी करतो. खोटं माझ्यापायी बोलला न्हवं? पाणीसुद्धा न्हाई घ्यायचं, इतकंच की."

अंगणात हशा पिकला. दुपारच्या सुट्टीत दोन डबे रिचवणारा हा गडी!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शंभूराज डोळा दाखवायला आला, तेव्हा कुणी हसलं नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते. बाकावर बसल्या बसल्या त्यानं संयोगिताला हळूच विचारलं, "मॅडम, किती येळ हाय ओ बुडायला? घरात कोंबडं शिजतंय."

"झालं की गड्या," आकारामनं त्याची पाठ थोपटली. "दिवस बुडाला की हाण."

ताप उतरलेल्या काकी तेवढ्यात दारातून आत येत होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि हसता हसता भिंत धरली.

"आरं लेकरा, आमचा उपास रातीला न्हाई सुटत! उद्या दिवस वर आल्यावर."

शंभूराजनं आवंढा गिळायचा प्रयत्न केला, तोही गेला नाही.

"व्हय?" तो म्हणाला. "बरं. मग उद्या."

काकी त्याच्याकडं बघतच राहिल्या. मग त्याच्या शेजारी बसल्या आणि पिशवीतून डबा काढला. दवाखान्यातल्या सगळ्यांना म्हणून आणलेली खपली गव्हाची खीर होती.

"संयोगिता, बाहीर बग गं जरा."

संयोगिता दारात जाऊन आली. "अजून हाय, काकी."

"मग खा. तेवढ्याशा खोट्याला इतका उपास पुष्कळ झाला. असंच असतंय आमच्यात."

शंभूराजनं एका डोळ्यानं त्यांच्याकडं रोखून बघितलं. "काकी, खरं सांगताय न्हवं?"

काकींनी झाकणात खीर ओतली, त्याच्या हातात दिली.

"आटप लवकर," त्या म्हणाल्या.